नाव ठेवण्याचा अधिकार

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एक जनहित याचिका सुनावणीला होती. सरकारी कागदपत्रांत आणि बातम्यांमध्ये ‘दलित’ हा शब्द वापरू नये, राज्यघटनेत असलेला ‘अनुसूचित जाती’ हाच शब्द वापरावा, अशी तिच्यातली मागणी होती. माध्यमांना तशी सूचना देता येईल का, याचा निर्णय घ्या, असं खंडपीठाने केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला सांगितलं. त्यानुसार ७ ऑगस्टला मंत्रालयाने खाजगी वाहिन्यांना सल्ला पाठवला. मग वाद पेटला. या शब्दात हीनपणा भरलेला आहे, तो कधीच जायला हवा होता, असं काहींचं म्हणणं. तर काहींचं म्हणणं असं, की हा शब्द आमच्या चळवळीने कमावला आहे, तो काढून घेणारं मंत्रालय कोण? सरसकट बंदी योग्य ठरणार नाही, अशी भूमिका प्रेस कौन्सिलने पुढे काही महिन्यांत घेतली.

या वादातले दोन्ही पक्ष दीक्षाभूमीला मानणारे होते, हे विसरून चालणार नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, एखाद्या समाजाला कोणता शब्द लागतो आणि कोणता लागत नाही याची एक यादी असेल, ती पाठ केली की झालं. अशी यादी नाही. असती तर शब्दकोशावरूनच ती करता आली असती. शब्दकोशात ‘हरिजन’ म्हणजे देवाची माणसं आणि ‘दलित’ म्हणजे दळलेली, चिरडलेली माणसं. त्या हिशेबाने पहिल्या शब्दाने मान मिळायला हवा होता आणि दुसऱ्याने मन दुखायला हवं होतं. गेल्या नव्वद वर्षांत महाराष्ट्रात घडलं ते नेमकं उलट.

‘हरिजन’ शब्दाची कथा विदर्भातूनच जाते. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. त्यानंतर गांधीजींनी अस्पृश्यता निवारणाचं काम हाती घेतलं, हरिजन सेवक संघ उभा राहिला आणि ११ फेब्रुवारी १९३३ ला ‘हरिजन’ हे साप्ताहिक सुरू झालं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते वर्ध्याहून देशव्यापी हरिजन यात्रेला निघाले. गांधीजींच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. ‘अस्पृश्य’ हा शब्द त्यांना सहन होत नव्हता, त्याच्या जागी त्यांना प्रेमाचा शब्द हवा होता.

पण प्रेमाने दिलेला शब्दही वरून दिलेलाच असतो. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या एका विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला. स्वतंत्र मजूर पक्षाचे भाऊराव गायकवाड उठले आणि त्यांनी विचारलं, की अस्पृश्य जर देवाची माणसं, तर स्पृश्य काय राक्षसांची? बाबासाहेब आंबेडकरांचा मुद्दाही सरळ होता: हे नाव आम्हाला नको असेल, तर ते आमच्यावर का लादता? बहुमत काँग्रेसकडे होतं, शब्द राहिला आणि आंबेडकरांसह त्यांच्या पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. मला हा सभात्याग फार महत्त्वाचा वाटतो. पाण्यासाठी महाडला आणि मंदिरासाठी नाशिकला लढलेली माणसं एका नावासाठी सभागृह सोडतात, याचा अर्थ त्यांच्या लेखी हा प्रश्न पाण्याइतकाच खरा होता.

आणि तो तेव्हा अचानक उपटलेला नव्हता. नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेला आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात नावाविषयी एक स्वतंत्र भाग आहे. इंग्रज सरकार तेव्हा ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत असे. हे नाव हीनता दाखवणारं आहे, विचार करणाऱ्या आमच्या माणसांचा त्याला आक्षेप आहे, असं दोघांनी स्पष्ट लिहिलं आणि त्याऐवजी ‘जातिबाह्य हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’ असे पर्याय सुचवले. आज ते पर्याय कानाला विचित्र वाटतात. सरकारच्या पचनीही ते पडले नाहीत. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ म्हणजे ‘यादीतल्या जाती’ असा कोरडा शब्द आणला. त्यात ना दया होती ना देव होता. मला वाटतं, तो टिकला तो त्या कोरडेपणामुळेच.

नागपुरात नावाचा हा शोध गांधी-आंबेडकरांच्याही आधीपासून चालू होता. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी काढलेल्या पत्रांची नावं नुसती ओळीने वाचली तरी त्या पिढीच्या मनातली घालमेल कळते. १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’, १९३१ मध्ये ‘चोखामेळा’. आधी आश्रय नसलेला पण नागरिक असलेला माणूस, मग विटाळ मोडणारा, मग मजूर, मग चौदाव्या शतकातल्या संताचा वारस. एकाच माणसाने वीस-एकवीस वर्षांत आपल्या लोकांची ओळख चार तऱ्हांनी सांगून पाहिली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत काढलेल्या मिशनचं मराठी नावही ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असंच होतं. त्या काळात विदर्भातल्या महार समाजाला ‘चोखामेळा समाज’ म्हणून घेणं सन्मानाचं वाटे. मुलांची वसतिगृहं आणि मुलींच्या शाळा त्या नावाने निघाल्या. पुढच्या पिढीला मात्र चोखोबा नकोसा झाला. उंबऱ्याबाहेर उभं राहून देवाची आळवणी करणाऱ्या संताशी नातं सांगणं म्हणजे उंबऱ्याबाहेरची जागा मान्य करणं, असं तिला वाटू लागलं. चोखोबांच्या अभंगांतला संताप ज्यांनी वाचला आहे त्यांना हे थोडं अन्यायाचं वाटेल. मलाही वाटतं. पण त्या तरुणांचा रोख कवीवर नव्हता. रोज अनुभवाला येणाऱ्या त्या उंबऱ्यावर होता.

शब्द कसा मरतो आणि दुसरा त्याच्या जागी कसा उगवतो, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण नागपूरच्या वेशीवर, कामठीत सापडतं. गावगाड्यात महाराने वरच्या जातीच्या माणसाला पाहिलं की ‘जोहार मायबाप’ म्हणायचं, ही रीत होती. इतरांसाठी रामराम, यांच्यासाठी जोहार. म्हणजे भेटल्याबरोबर, तोंडातून पहिला शब्द निघताच, जात जाहीर. कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे १९०४ साली जन्मलेले, विडी कामगारांत काम करणारे, १९३७ मध्ये मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेलेले तरुण कार्यकर्ते. आपल्या माणसांनी एकमेकांना भेटताना काय म्हणावं, असा विचार त्यांनी केला आणि ‘जय भीम’ पुढे आणलं. त्याला उत्तर म्हणून सुरुवातीला ‘बल भीम’ म्हणावं असंही सुचवलं गेलं होतं, पुढे दोन्हीकडून ‘जय भीम’च रुळलं. १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिशीत, हरदास गेले. त्यांचे दोन शब्द आज लंडन-न्यूयॉर्कमधल्या सभांतही ऐकू येतात.

यात दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की ‘जय भीम’वरून लगेच एक नवं लेबल तयार झालं. ‘जयभीमवाले’ हा शब्द नागपुरात भाड्याने खोली देताना, लग्न ठरवताना, कार्यालयात बदली होऊन आलेल्या माणसाची चौकशी करताना हळू आवाजात वापरला जातो. तोच शब्द चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर लोक छातीठोकपणे स्वतःबद्दल वापरतात. अक्षरं तीच. हळू आवाजातला शब्द लागतो, मोठ्या आवाजातला लागत नाही. दुसरी गोष्ट जोहारची. ज्या शब्दाची महारांच्या तोंडून सक्ती केली जायची म्हणून त्यांनी तो टाकला, तोच ‘जोहार’ झारखंडपासून गडचिरोलीपर्यंतचे आदिवासी आज ‘जय सेवा’च्या बरोबरीने अभिमानाने एकमेकांना घालतात. त्यांच्या जोहारला मायबाप जोडलेला नाही. एका समाजाची जखम ती दुसऱ्या समाजाची निशाणी असू शकते, म्हणून कोणता शब्द वाईट याचा निकाल शब्दापुरता लावता येत नाही.

संस्थांची नावंही नागपूरनेच बदलताना पाहिली. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली इथे भरली ती ‘बहिष्कृत’ परिषद. जुलै १९४२ मध्ये इथेच ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’ स्थापन झालं. सरकारी यादीचा शब्द पक्षाच्या नावात आला, कारण राजकीय हक्क त्या यादीला चिकटले होते. १५ वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, फेडरेशन मागे टाकून नागपुरातच ‘रिपब्लिकन पक्ष’ जन्मला. त्या नावात जातीची खूणही नव्हती. बाबासाहेबांच्या मनातला पक्ष तसाच होता. पुढे त्याचे तुकडे झाले आणि ‘रिपब्लिकन’ हाही लोकांच्या बोलण्यात एका समाजाचा शब्द होऊन बसला, तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

या दोन तारखांच्या मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ आहे, दीक्षाभूमीवरच्या धर्मांतराचा दिवस. धर्मांतर म्हणजे काय, याची अनेक उत्तरं बाबासाहेबांनी दिली, त्यातलं एक नावाबद्दलचं आहे. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या एका लेखात ते असं मांडतात, की अस्पृश्यांनी जातीची नुसती नावं बदलून पाहिली, पण त्याचा उपयोग झाला नाही. नवं नाव सांगितलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, ‘म्हणजे कोणत्या जातीचे?’ आणि मग जुनं नाव सांगावंच लागतं. ज्या नावापाशी हा पुढचा प्रश्न थांबतो असं नाव हवं, आणि ते हिंदू समाजाच्या आत मिळणार नाही. म्हणून ‘बौद्ध’. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. एवढ्या माणसांनी दहा वर्षांत स्वतःचं नाव स्वतः बदलून घेतल्याचं उदाहरण जगाच्या इतिहासात शोधावं लागेल.

पुढचा प्रश्न मात्र थांबला नाही. तो सरकारी खिडकीवर येऊन उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध झाल्यावर केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या त्या चालू ठेवल्या आणि त्यासाठी एक प्रशासकीय शब्द रुळला, ‘नवबौद्ध’. केंद्राने बौद्धांना यादीत घेतलं ते थेट १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या काळात. तेव्हापासून हक्काच्या दृष्टीने तो शब्द बराचसा अनावश्यक झाला, पण सरकारी फलकांवरून हलला नाही. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांची निवासी शाळा’ ही पाटी विदर्भात कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर दिसेल.

‘नव’ या दोन अक्षरांत कुणाला शिवी दिसणार नाही. तरी अनेक बौद्धांना तो शब्द लागतो, आणि मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. १९५६ मध्ये दीक्षा घेतली त्या आजोबांना नवबौद्ध म्हटलं तर ते वर्णन होतं. त्यांच्या नातीच्या मुलीला, जिच्या घरात बुद्धवंदनेशिवाय दुसरी प्रार्थना कुणी ऐकलेली नाही, तिलाही नवबौद्ध म्हणायचं, तर ‘नव’चा अर्थ काळाशी उरत नाही. त्याचा अर्थ होतो ‘खरे नव्हेत ते’. तुम्ही स्वतःला काहीही म्हणा, तुम्ही मुळात कोण ते आम्ही विसरलेलो नाही, ही आठवण तो शब्द रोज करून देतो.

आणि तरीही गुंता असा, की बौद्ध मुलाला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला लागतो आणि दाखल्यावर ‘महार’ लिहावं लागतं. महाराष्ट्राच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. त्यातल्या ३७ व्या नोंदीत ‘महार, मेहरा, तराल, धेगू मेगू’ अशी नावं आहेत. जो शब्द रस्त्यात कुणी तोंडावर फेकला तर गुन्हा होऊ शकतो, तोच शब्द तहसील कचेरीत पुराव्यांसह मागून घ्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख ३० हजार होते आणि त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंद झालेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांची कारणं एकसारखी नसणार, पण धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिल्यावर जातीच्या रकान्यात पुन्हा जुनं नाव लिहायला ज्यांचा हात उचलला नाही, अशी माणसं नागपुरात घरोघर भेटतात.

कायद्याने या गुंत्यात काय केलं? केंद्रीय गृह मंत्रालयाने १९८२ मध्येच राज्यांना कळवलं होतं, की जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नका. २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे ‘चमार’ या शब्दाचा प्रश्न आला. हा तर यादीतल्या जातीचा शब्द आहे, तो अपमान कसा, असा बचाव होता. न्यायालयाने म्हटलं, शब्दाची व्युत्पत्ती पाहायची नाही, आज लोक तो कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहायचं, आणि अपमानाच्या हेतूने वापरला तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१७ मध्ये ‘हरिजन’ आणि ‘धोबी’ या शब्दांबद्दलही न्यायालयाने तसंच मत दिलं. मात्र चार भिंतींच्या आत, लोकांच्या नजरेआड उच्चारलेला शब्द या कायद्याच्या अपमानाच्या कलमाखाली येत नाही, असं २०२० च्या हितेश वर्मा निकालात सांगितलं गेलं. कायद्याला हेतू लागतो आणि साक्षीदार लागतो. माणसाचं मन दुखायला दोन्ही लागत नाहीत. म्हणून या प्रश्नाचा मोठा भाग न्यायालयाबाहेरच राहतो.

जातीचं नावच वाईट, असंही नाही. १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट आजही त्याच नावाने आहे. श्रीलंकेत १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळालं ते याच रेजिमेंटमध्ये. तिथे ‘महार’ हा शब्द टोपीवर मिरवला जातो आणि कुणाच्याही मनाला लागत नाही, कारण तिथे तो शब्द बरोबरीच्या माणसांनी उच्चारलेला आहे.

आता ‘दलित’कडे. इंग्रजी ‘डिप्रेस्ड’चा प्रतिशब्द म्हणून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालत होताच. मार्च १९५८ मध्ये दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊ साठे त्याचे उद्घाटक होते. पण त्या शब्दात दारू ठासली ती १९७२ मध्ये, दलित पँथरने. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी नाव घेतलं आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, भूमिहीन, कामगार, स्त्रिया, जे जे पिळले जातात ते सगळे, अशी व्याख्या केली. नागपुरात जन्मलेले आणि औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ चालवणारे गंगाधर पानतावणे यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की दलित ही जात नव्हे, ती बदलाची आणि क्रांतीची खूण आहे. ‘दलित’चं कर्मणी रूप त्यांनी कर्तरी केलं. चिरडलेला याचा अर्थ झाला, कुणीतरी चिरडलं आहे हे सांगणारा. ‘हरिजन’मध्ये आरोपी नाही, ‘अनुसूचित’मध्येही नाही. ‘दलित’मध्ये आहे. म्हणून तो शब्द लढणाऱ्यांना आवडला, आणि मला वाटतं, म्हणूनच तो इतरांना टोचतो.

त्याच नागपुरात यशवंत मनोहरांनी मात्र उलट बाजू लावून धरली. ‘उत्थानगुंफा’चे हे कवी म्हणतात, ‘दलित’ शब्द आम्हाला जुन्या दुःखाशी बांधून ठेवतो, साहित्याला त्याच्या विचाराचं नाव हवं, ते ‘आंबेडकरवादी साहित्य’ असलं पाहिजे. ढालेही पुढे ‘दलित’पासून दूर गेले. जो बौद्ध झाला तो दलित कसा, ही त्यामागची धार. शिवाय व्याख्या कितीही रुंद केली तरी महाराष्ट्रात बोलण्यात ‘दलित’ म्हणजे बौद्ध, एवढंच उरलं. मातंग, चर्मकार, वाल्मीकी, सुदर्शन या समाजांतल्या अनेकांना तो शब्द आपला वाटत नाही. त्यांची स्वतःची नामांतरं झाली आहेत: मांगचं मातंग, चांभारचं चर्मकार. त्यांच्या घरी जाऊन ‘तुम्ही सगळे दलित’ असं म्हणणं हे चळवळीच्या माणसाला औदार्य वाटेल. त्यांना ते आपलं नाव पुसल्यासारखं वाटू शकतं.

हा गुंता आपल्याच वाट्याला आला असं समजू नये. अमेरिकेत मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको, कोलंबिया अशा वीस-बावीस ठिकाणांहून आलेल्या माणसांना सरकारने १९७० च्या दशकात ‘हिस्पॅनिक’ या एका रकान्यात बसवलं आणि १९८० च्या जनगणनेत तो प्रश्न सगळ्यांना विचारला. शब्द स्पेनकडे बोट दाखवणारा. ज्यांच्या पूर्वजांची भूमी स्पेनने जिंकली होती, त्यांनाच स्पेनच्या नावाने ओळखायचं, हे अनेकांना खटकलं. मग ‘लॅटिनो’ पुढे आला. १९६० च्या दशकात मेक्सिकन तरुणांनी ‘चिकानो’ हा हिणवणारा शब्द उचलून झेंड्यावर लावला, अगदी आपल्या पँथरच्या पिढीसारखा, पण त्यांच्याच आई-बापांना तो शिवी वाटत राहिला. अलीकडे स्त्री-पुरुष भेद टाळण्यासाठी विद्यापीठांतून ‘लॅटिनएक्स’ निघाला. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वतःसाठी तो वापरणारे निघाले फक्त ३ टक्के. त्याआधीच्या एका पाहणीत निम्म्या लोकांनी सांगितलं होतं, की आम्हाला आमच्या मूळ देशाच्या नावाने ओळखा, मेक्सिकन म्हणा, क्यूबन म्हणा. ‘मेक्सिकन’ ही शिवी नाही. पण ग्वाटेमालाच्या माणसाला सरसकट मेक्सिकन म्हटलं, की त्याला तेच वाटतं जे हैदराबादच्या माणसाला नागपुरात ‘मद्रासी’ म्हटल्यावर वाटतं: याला माझ्यात एवढाही रस नाही.

लेबल अंगावर बसवणारी सगळ्यात जुनी वस्तू मात्र शब्दकोशात नाही, ती आडनावात आहे. नागपुरात नाव विचारून झाल्यावर आडनाव विचारलं जातं, आणि मग समोरच्याचा चेहरा वाचला जातो. वासनिक, गजभिये, रामटेके ऐकलं की हिशेब पूर्ण होतो. मेश्राम ऐकलं की अडखळतो, कारण मेश्राम बौद्धांत आहेत आणि गोंडांतही आहेत. मग गाव विचारलं जातं, मग शिक्षण कुठून झालं ते. एकही अपशब्द न वापरता सगळी चौकशी होते. घर भाड्याने मिळत नाही तेव्हा कारण जेवणाचं सांगितलं जातं. हा छळ कुठल्याही परिपत्रकाने थांबणारा नाही, म्हणून शब्द बदलण्याचा उत्साह पाहताना मला नेहमी याची आठवण ठेवावीशी वाटते.

राज्य सरकारचा तो उत्साह २०२० च्या डिसेंबरात दिसला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली अशी वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याआधी ‘दलित मित्र’ पुरस्कार ‘समाजभूषण’ झाला होता आणि दलित वस्ती सुधार योजनेचं नावही बदललं होतं. हे व्हायलाच हवं होतं. पत्ता लिहिताना जात लिहावी लागू नये, यात दुमत असण्याचं कारण नाही. पण भीमनगर म्हटल्यावर पोस्टमनला, रिक्षावाल्याला आणि घरमालकाला काय कळायचं ते कळतंच. बाबासाहेबांनी सांगितलेला तो पुढचा प्रश्न भीमनगरच्या नाक्यावरही उभा असतो.

आदिवासींच्या बाबतीत नागपूरला हा प्रश्न आणखी जवळून भोगावा लागला. इथलं शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. ‘आदिवासी’ म्हणजे मुळचे रहिवासी, आणि ‘वनवासी’ म्हणजे रानात राहणारे. दुसऱ्या शब्दाने मुळचेपणाचा हक्कच काढून घेतला जातो, असं आदिवासी संघटना सांगतात, आणि मला त्यात तथ्य दिसतं. घटना समितीत जयपालसिंग मुंडांनीही ‘आदिवासी’ हाच शब्द हवा म्हणून आग्रह धरला होता. यादीतल्या अशाच एका नावावरून २३ नोव्हेंबर १९९४ रोजी इथे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. आम्हीच ते, असं गोवारींचं म्हणणं, तर तुम्ही वेगळे, असं सरकारचं. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं फार होती. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींचा दावा मान्य केला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन शब्द एकत्र वाचायचे की वेगळे, यावर इतकी माणसं मेली. नावाचा प्रश्न हा फक्त भावनेचा प्रश्न आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी सीताबर्डीच्या गोवारी स्मारकापाशी जाऊन यावं.

आता जनगणना येते आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. बौद्ध वस्त्यांत यावर चर्चा सुरू आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहायचं यावर एकमत आहे, ‘नवबौद्ध’ नको यावरही. भांडण पुढच्या रकान्याचं आहे. जातीसमोर ‘बौद्ध’ लिहिलं तर ते यादीतलं नाव नाही, अनुसूचित जातीच्या मोजणीत माणूस धरला जाणार नाही, आणि राखीव जागांचा हिशेब लोकसंख्येवर होतो. ‘महार’ लिहिलं तर सत्तर वर्षांपूर्वी आजोबांनी जे टाकलं ते नातवाने स्वतःच्या तोंडाने प्रगणकाला सांगायचं. विहारातल्या बैठकांत म्हातारी माणसं बहुधा म्हणतात, लिहा, हक्क जाऊ देऊ नका. तरुण मुली म्हणतात, कधीतरी थांबायला हवं ना? दोघांच्याही बोलण्यात बाबासाहेबांचा आधार असतो, आणि तो दोघांनाही खरोखरच मिळतो.